आमच्या कार्डावर फक्त साखरेचेच रकाने का?

मधुमेहाच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या समित्यांना आणि त्या तत्त्वांवर रोजची ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टरहो,

गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ मधुमेहाची पहिली तपासणी करून आला. वय ४६. हातात घडीचे एक कार्ड होते. उपाशीपोटी साखर, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), वजन, रक्तदाब असे रकाने आणि तळाशी पुढच्या तारखेची जागा. ते माझ्यासमोर ठेवून त्याने विचारले, "ताई, तुझं कार्डही असंच होतं ना?"

असेच होते. १५ वर्षांपूर्वी मिळालेले ते कार्ड मी अजून ठेवले आहे. दोन्ही कार्डे टेबलावर शेजारी-शेजारी मांडली. कागद बदलला आहे, छपाई बदलली आहे, रकाने तेच आहेत. या १५ वर्षांत मला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. हृदयाचा एक भाग कायमचा गेला. आणि ज्या दाहाने, म्हणजे धमनीच्या भिंतीत आतून पेटलेल्या सुजेने, तो गेला त्याच्यासाठी भावाच्या कार्डावर आजही एक ओळ नाही. हे गप्प बसून पाहणे मला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझे सांगते, कारण माझी तक्रार त्यातूनच आली आहे.

मी आज्ञाधारक रुग्ण होते. गोळ्या वेळेवर, चालणे रोज, तपासणी दर तीन महिन्यांनी. एचबीए१सी बहुतेक वेळा सातच्या आत. डॉक्टर कार्ड पाहायचे, म्हणायचे, "रिपोर्ट छान आहेत." मी आनंदाने घरी यायचे. झटक्याच्या आधीचे तीन-चार महिने जिना चढताना धाप लागायची. मी ते सांगितलेही. "वय झालं, वजन थोडं कमी करा," एवढेच उत्तर मिळाले. मी तेव्हा ५२ वर्षांची होते. हिरड्यांतून दोन वर्षे रक्त येत होते. ते मी सांगितले नाही, कारण साखरेच्या डॉक्टरांना दातांचे काय सांगायचे, असे मला वाटायचे. त्यांनीही कधी विचारले नाही.

त्या रात्री छातीत दुखले नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुखलेच नाही. दरदरून घाम फुटला, मळमळले, हातपाय गळाल्यासारखे झाले. मला वाटले साखर उतरली. मशीनवर पाहिली तर १४२. साखर ठीक आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले आणि झोपायचा प्रयत्न केला. साखरेचा आकडा ठीक म्हणजे सगळे ठीक, हेच मला १२ वर्षे शिकवले गेले होते. सकाळी मुलीने माझा चेहरा पाहिला आणि मला उचलूनच नेले. तोवर सहा तास गेले होते.

अँजिओग्राफीनंतर हृदयाच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते माझ्या डोक्यात अजून घुमते. "ब्लॉक फार मोठा नव्हता. रक्त अडावं एवढा तर नक्कीच नव्हता. पण तो फुटला, आणि फुटल्यावर त्यावर गुठळी बसली." मी विचारले, फुटला म्हणजे काय? नळीत साचलेला गाळ फुटतो कसा? ते म्हणाले, "तो गाळ नसतो. आतून पेटलेला फोड असतो."

१२ वर्षांत हे वाक्य मला कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर मी वाचायला लागले. डॉक्टर नाही, पण विज्ञान शिकलेली आहे, आणि आजारपणात वेळ भरपूर होता. जे वाचले ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरीही इथे लिहिते, कारण हे पत्र माझ्यासारखे रुग्णही वाचतील आणि त्यांना ते कुणीतरी सांगायला हवे.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो. तो निरोगी असतो तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यावरून घसरून पुढे जातात. वर्षानुवर्षे वाढलेली साखर, इन्शुलिनला दाद न देणारे शरीर, पोटाच्या आत साठलेली चरबी, ही सगळी मिळून तो थर चिकट करतात. कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण त्या थराखाली शिरतात, तिथे अडकतात आणि बिघडतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी मागोमाग आत घुसतात. गिळून-गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. मेलेल्या पेशी आणि चरबी यांचा मऊ चिखल तयार होतो. शरीर त्यावर तंतूंचे झाकण घालते. हा प्लाक.

प्लाक जाड झाकणाखाली वर्षानुवर्षे निवांत राहू शकतो. घात करतो तो दाह. आत जमलेल्या पेशी अशी विकरे (एन्झाइम्स) सोडतात जी झाकणाचे तंतू कुरतडतात. झाकण ६५ मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण पंधराव्या भागाहून, पातळ झाले की तो प्लाक धोक्याचा मानतात. एक दिवस ते फाटते, आतला चिखल रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी होते. प्लाक वाढताना धमनीची भिंत आधी बाहेरच्या बाजूला सरकते. त्याने जवळजवळ ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंद होतच नाही, हे १९८७ मध्येच शवविच्छेदनातून दिसले होते. आणि अँजिओग्राफीत दिसते ती फक्त रक्ताची वाट, भिंतीत काय शिजते आहे ते नाही. म्हणून 'ब्लॉक नाही' आणि 'धोका नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधुमेह असलेल्यांमध्ये हे सगळे अधिक तीव्र असते. अचानक गेलेल्या मधुमेही माणसांच्या धमन्या तपासल्या तेव्हा मेलेल्या पेशींचा गाभा मोठा आणि दाहाच्या पेशी जास्त आढळल्या. साखर चिकटून बिघडलेली प्रथिने धमनीच्या पेशींना सतत डिवचत राहतात. वाढलेल्या साखरेमुळे अस्थिमज्जा जास्त पांढऱ्या पेशी रक्तात सोडते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. आणि साखर खाली आणली तरी तिने पेशींवर उमटवलेल्या खुणा लगेच पुसल्या जात नाहीत.

या दाहाची वर्दी रक्तात मिळते. इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे प्रथिन इंटरल्यूकिन-६ ला जागे करते, ते यकृताला निरोप देते आणि यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, तयार करते. सीआरपी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्याची अगदी बारीक पातळी मोजणारी तपासणी, हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी, साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे धोका कमी, ३ च्या वर म्हणजे जास्त, हे टप्पे २००३ मध्ये ठरले. धमनीच्या रोगात दाह असतो, हे तर रुडॉल्फ व्हर्चो यांनी १९व्या शतकातच लिहून ठेवले होते.

म्हणजे माहिती जुनी आहे, तपासणी साधी आहे. तरी कार्डावर रकाना नाही. माझ्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की तुम्ही आम्हाला साखरेचा आजार सांगता, धमन्यांचा सांगत नाही. १९९८ मध्ये फिनलंडमधला अभ्यास आला. मधुमेह असलेल्या पण पूर्वी झटका न आलेल्या माणसांना पुढच्या सात वर्षांत झटका येण्याचे प्रमाण, मधुमेह नसलेल्या पण एकदा झटका येऊन गेलेल्या माणसांएवढेच निघाले. पुढच्या अभ्यासांनी दाखवले की ही बरोबरी सरसकट सगळ्यांना लागू नाही. मान्य. पण मधुमेहात हृदयाचा धोका दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो, आणि पाळी जाण्यापूर्वी बाईला जे थोडे संरक्षण असते तेही मधुमेह बरेचसे हिरावून घेतो, याबद्दल तुमच्यात वाद नाही. मग मला १२ वर्षांत डोळे तपासा, पाय तपासा, मूत्रपिंड तपासा हे सांगितले गेले आणि हृदयाबद्दल एक वाक्य का नाही? मधुमेही माणूस सर्वाधिक कशाने जातो, हे तुम्ही जाणता.

साखर उतरवली की हृदय आपोआप वाचते, असेही नाही. २००८ मध्ये अॅकॉर्ड या चाचणीत दहा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांचा एचबीए१सी सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ जण दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३. तो प्रयोग वेळेआधी थांबवावा लागला. साखर सांभाळू नये असा याचा अर्थ नाही. डोळे, मूत्रपिंडे आणि नसा साखर सांभाळल्यानेच वाचतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत नीट सांभाळली तर पुढे हृदयालाही फायदा होतो. पण एकट्या साखरेचा आकडा हृदयाची हमी देत नाही. "रिपोर्ट छान आहेत" या तीन शब्दांनी मला जो धीर दिला तो खोटा होता. सांगणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. त्यांच्यासमोरच्या कार्डावर तेवढेच रकाने होते.

दुसरी तक्रार गोळीची. मला मधुमेहाच्या दुसऱ्याच वर्षी स्टॅटिन लिहून दिले होते. वर्षभराने एलडीएल ९२ आले, 'नॉर्मल' असे छापून आले, आणि मी ती गोळी बंद केली. कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे तर कोलेस्टेरॉलची गोळी कशाला, असा साधा हिशोब केला. पुढच्या भेटीत सांगितलेही. "बघू," असे म्हणून विषय संपला. गोळी बंद करण्याची चूक माझी आहे. पण ती गोळी मला का दिली आहे हे कुणी समजावले असते तर मी ती चूक केली नसती. २००४ मध्ये कार्ड्स नावाच्या चाचणीत एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या २,८३८ मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांना स्टॅटिनचा छोटा डोस दिला. झटका, पक्षाघात यांसारख्या घटना त्यांच्यात ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि चाचणी नियोजित वेळेच्या जवळपास दोन वर्षे आधी थांबवली गेली. ती गोळी एलडीएल उतरवते आणि दाहही कमी करते. हे तुमच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण तुमच्या कागदावरून ते माझ्या खुर्चीपर्यंत पोचले नाही. मधल्या तीन-चार मिनिटांच्या भेटीत ते कुठेतरी गळाले.

तिसरी तक्रार तुमच्या संशोधनाबद्दल आहे. दाहाचा विचार करून झालेल्या मोठ्या चाचण्यांत ज्युपिटरचे नाव सर्वांत आधी येते. २००८ मध्ये १७,८०२ माणसे, एलडीएल फारसे नाही पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त. स्टॅटिनने घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि त्या चाचणीत प्रवेश कुणाला नव्हता? मधुमेह असलेल्यांना. मधुमेह्यांना स्टॅटिन द्यायचे हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे तुलनेसाठी त्यांना नुसती औषध नसलेली खोटी गोळी देणे योग्य नव्हते, हे कारण मला समजते. पण परिणाम असा झाला की सीआरपी पाहून उपचार ठरवण्याची गोष्ट सुरू झाली तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो, आणि बरीच वर्षे तिथेच राहिलो.

२०१७ मध्ये कँटॉस चाचणीने पहिल्यांदा शंका फिटवली. झटका येऊन गेलेली आणि सीआरपी वाढलेली १०,०६१ माणसे. त्यांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारे कॅनाकिनुमॅब दिले. एलडीएल हलले नाही, दाह तेवढा उतरला, आणि १५० मिलिग्रॅमच्या डोसने घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातले सुमारे ४० टक्के लोक मधुमेही होते. त्या औषधाने जीवघेणा जंतुसंसर्ग थोडा वाढला, म्हणून ते या कामासाठी रुजले नाही. आमच्यासारख्यांना जंतुसंसर्ग आधीच लवकर होतो, तेव्हा ही सावधगिरी योग्यच. पण सिद्ध झालेली गोष्ट सिद्धच राहते. नंतर मेथोट्रेक्सेट वापरून, मधुमेह किंवा चयापचयाचा बिघाड असलेल्या हृदयरुग्णांवरच, सर्ट ही चाचणी झाली. काही फायदा दिसला नाही, कारण त्या औषधाने इंटरल्यूकिन आणि सीआरपी उतरलेच नाहीत. कुठलाही दाह कसाही दाबून चालत नाही, योग्य वाट पकडावी लागते, हे त्यातून कळले.

मग आले कोल्चिसिन. गाऊट या सांध्यांच्या आजारासाठी वापरले जाणारे फार जुने औषध. रोज अर्धा मिलिग्रॅम. २०१९ मध्ये नुकताच झटका आलेल्या ४,७४५ जणांत घटना २३ टक्क्यांनी कमी. २०२० मध्ये जुनाट हृदयविकाराच्या ५,५२२ जणांत ३१ टक्क्यांनी कमी. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला हृदयासाठी मान्यता दिली. त्यानंतर २०२४ मध्ये झटका आलेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवरची क्लिअर सिनर्जी चाचणी आली आणि तिच्यात फायदा दिसला नाही. हेही मी लपवत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध घातक ठरू शकते, काही अँटिबायोटिक्सबरोबर तर अधिकच. म्हणून प्रत्येकाला कोल्चिसिन द्या, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हा विषय रुग्णासमोर मांडा. मला झटका आल्यावर सात महिन्यांनी तो पहिल्यांदा ऐकायला मिळाला, तोही मीच विचारले म्हणून.

स्टॅटिन घेऊनही सीआरपी चढलेले राहते, त्याचे काय? २०२३ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली गेली. पुढचा झटका आणि मृत्यू यांचा अंदाज एलडीएलपेक्षा सीआरपीने अधिक चांगला बांधता आला. माझेच पाहा. झटक्यानंतर तीन महिन्यांनी, ताप-खोकला काही नसताना, एलडीएल ५८ होते आणि सीआरपी ५.८. दोन आठवड्यांनी पुन्हा ५.२. एलडीएल पाहून कुणीही म्हणाले असते, रिपोर्ट छान आहेत.

चौथी तक्रार लहान वाटेल, पण ती माझ्या जिव्हारी लागलेली आहे. तुम्ही आमचे शरीर वाटून घेतले आहे. हिरड्या दुसऱ्याकडे, पाय तिसऱ्याकडे, हृदय चौथ्याकडे, साखर तुमच्याकडे. दाह तसा वाटलेला नसतो. पिकलेल्या हिरड्या मधुमेहात जास्त आढळतात, त्यांचा उपचार केला तर एचबीए१सीही थोडा उतरतो. हिरड्यांमुळेच मला झटका आला असे मी म्हणत नाही, तसे कुणी सिद्ध केलेले नाही. पण दोन वर्षे शरीरात जंतुसंसर्ग आणि दाह चालू होता आणि दर तीन महिन्यांनी मला भेटणाऱ्या एकाही माणसाला तो माहीत नव्हता. फ्लूचेही तसेच. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट वाढते, असे २०१८ मध्ये कॅनडातल्या नोंदींवरून दिसले. २०२१ च्या एका चाचणीत झटक्यानंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांत मृत्यू कमी झाले. मला लस द्यायला हवी, हे पहिल्यांदा मला औषधे देणाऱ्या मुलाने सांगितले.

पाचवी, आणि हिच्यावर मी आता जास्त बोलत नाही, कारण बोलले की हात थरथरतो. धाप. मधुमेहात नसा बोथट होतात आणि हृदयाची कळ जाणवत नाही, हे वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात असते. मग जिन्यावर धाप लागते म्हणणाऱ्या, १२ वर्षांचा मधुमेह असलेल्या बाईचा साधा ईसीजीही का काढला गेला नाही?

तुम्ही म्हणाल, सगळ्या मधुमेह्यांच्या हृदयाची छायाचित्रे काढत बसलो तर काय होते ते आम्ही करून पाहिले आहे. खरे आहे, तेही मी वाचले. २००९ मध्ये डायड चाचणीत लक्षणे नसलेल्या ११२३ मधुमेह्यांपैकी निम्म्यांच्या हृदयाची स्कॅन करून पाहणी केली, पण पुढच्या घटनांत फरक पडला नाही. २०१४ मध्ये ९०० जणांवर सीटी अँजिओग्राफीचा प्रयोग झाला, त्यातही ठोस फरक दिसला नाही. म्हणून लक्षणे नसलेल्या प्रत्येकाला मशीनखाली घाला, अशी मागणी मी करत नाही. पण मला लक्षण होते. आणि ज्यांना नाही त्यांचा दाह मोजायला मशीन लागत नाही, रक्ताचे काही थेंब पुरतात.

सीआरपीच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. सर्दी-ताप, दात दुखणे, सांधे सुजणे, वाढलेले वजन, सगळ्याने ते वाढते. दहाच्या वर गेले तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो. एका आकड्यावर काही ठरवता येत नाही. पण एका आकड्यावर तुम्ही साखरेचेही काही ठरवत नाही. मर्यादा असलेली तपासणी दोनदा करून, समजून वापरता येते. २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने आपल्या शास्त्रीय निवेदनात ही तपासणी सरसकट करण्याचे सुचवले आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी एवढे पाऊल टाकले असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांनी मागे राहू नये. धमनी पेटलेल्यांत आमचा नंबर वरचा आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मधुमेहाचे निदान सांगताना पहिल्याच भेटीत, रुग्णाच्या भाषेत, सांगा की हा धमन्यांचा आजार आहे. आणि हेही सांगा की आम्हाला झटका येताना छातीत दुखेलच असे नाही. घाम, मळमळ, धाप, न उतरणारा थकवा ही हृदयाचीही लक्षणे असू शकतात आणि तेव्हा साखर मोजून थांबायचे नसते. हे एक वाक्य कार्डाच्या पाठीवर छापायला कुठल्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही.

हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीचा रकाना कार्डावर आणा, एलडीएलच्या शेजारी. आजारपण नसताना, निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा आणि त्याचा अर्थ रुग्णाला सांगा. वाढलेले असेल तर कारण शोधा: हिरड्या, पायाची जखम, मूत्रमार्ग, तंबाखू, झोप, पोटाची चरबी.

स्टॅटिन देताना 'कोलेस्टेरॉलची गोळी' एवढेच म्हणू नका. रिपोर्ट नॉर्मल आला तरी ती का चालू ठेवायची, हे लिहून द्या. रुग्णाने बंद केली असे सांगितले तर "बघू" म्हणू नका.

साखरेची औषधे निवडताना हृदयाकडे पाहा. हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले, हे २०१५ मध्ये कळले. लिराग्लुटाइडचा फायदा २०१६ मध्ये कळला. या औषधांचा गुण नुसत्या साखर उतरवण्यातून आलेला नाही. तरी कित्येकांना आजही एचबीए१सी बिघडेपर्यंत थांबवले जाते. एचबीए१सी चांगला आहे म्हणून हृदयाचे औषध नाकारणे थांबवा.

हृदयविकार ठरलेल्या मधुमेही रुग्णासमोर कोल्चिसिनचा विषय काढा. मूत्रपिंडे तपासून, इतर औषधे पाहून, उलटसुलट आलेले सगळे निकाल सांगून काढा. निर्णय दोघांनी मिळून घ्या. 'नको' असा निर्णय झाला तरी चालेल, पण तो निर्णय झालेला असावा.

संशोधन करणाऱ्यांना माझे मागणे आहे की मधुमेही माणसांना, आणि त्यातही बायकांना, पुरेशा संख्येने चाचण्यांत घ्या. झटका येण्यापूर्वीच्या टप्प्यावर घ्या. दुसऱ्यांवर काढलेले निष्कर्ष आमच्यावर अंदाजाने लावणे पुरे झाले.

आणि धाप लागते असे सांगणाऱ्या मधुमेही बाईचा ईसीजी काढा. त्याच दिवशी.

माझे हृदय आता ४० टक्के क्षमतेने चालते. निरोगी हृदयाचा हा आकडा ५५ च्या वर असतो. हिरड्यांचे उपचार झाले, वजन नऊ किलोंनी उतरले, औषधे बदलली, शेवटचे सीआरपी १.९ आले. कशाने उतरले ते मला सांगता येणार नाही, सगळेच एकदम सुरू केले होते. जिना मी मध्ये एकदा थांबून चढते.

भावाची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्याच्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला मी पट्टी ठेवून पेनाने पाच रकाने आखले आहेत: एलडीएल, हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी, हिरड्या, लस, धाप. त्याने विचारले, "डॉक्टर रागावले तर?" मी म्हटले, रागावणार नाहीत, फक्त समोर ठेव. ते कार्ड तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. हाताने आखलेले आहे म्हणून बाजूला सारू नका. ते रकाने भरा.

आपली नम्र,
१५ वर्षे मधुमेह असलेली एक रुग्ण